साधी सायकल घेताना : वजनाचा हिशेब आणि पैशाचा विनियोग

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर येथील वाचक सायकलीविषयी जी विचारणा करतात, तिचे शब्द निरनिराळे असले तरी आशय बहुधा एकच असतो : घरापासून स्टेशनापर्यंत, बाजारापर्यंत किंवा औद्योगिक वसाहतीतील कारखान्यापर्यंत जाण्यायेण्यासाठी गिअर नसलेली साधी सायकल घ्यावयाची आहे, दुकानदार एक सायकल सात हजारांना दाखवितो, दुसरी चौदा हजारांना, आणि दोहोंत फरक काय असे विचारले असता दुसरी "वजनाला हलकी" एवढेच सांगून थांबतो, तेव्हा या हलकेपणासाठी दुप्पट रक्कम मोजणे शहाणपणाचे होईल काय?

या प्रश्नाचे उत्तर दुकानात उभे राहून देता येत नाही. सायकल रात्री कोठे उभी राहणार, हे आपणांस आधी ठाऊक असावे लागते. कारण सपाट रस्त्यावर सायकलीचे वजन फारसे जाणवत नाही, ते जाणवते जिन्यावर, आणि ज्यास सायकल जिन्यावरून न्यावयाचीच नाही त्याने हलक्या सांगाड्यापायी घातलेला पैसा हा वस्तुतः चाके, टायर आणि ब्रेक यांच्या वाट्याचा पैसा होय, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आधी घर पाहावे

दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील कल्याणच्या लष्करी छावणीत फाळणीनंतर निर्वासित सिंधी कुटुंबे येऊन राहिली आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर-जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वसाहतीस उल्हासनगर हे नाव मिळाले, तेव्हा येथील वस्ती बैठ्या बराकींची होती आणि दाराशी सायकल उभी करण्यास कोणाचीही हरकत नव्हती. आज त्याच पाच कॅम्पांत, आणि अंबरनाथ-बदलापुरातही, चार-पाच मजल्यांच्या लिफ्ट नसलेल्या इमारती पुष्कळ आहेत. तळमजल्यावर दुचाकी वाहनांची दाटी असते आणि सायकल चोरीस जाण्याचे भय असते, म्हणून ती खांद्यावर घेऊन घरापर्यंत न्यावी लागते. एकवीस किलोंची सायकल दिवसभराच्या कामानंतर तिसऱ्या मजल्यावर नेणे हे श्रमाचे काम आहे, आणि पंधरा दिवसांत कंटाळून सायकल वापरणेच सोडून देणारी माणसे आपल्या पाहण्यात असतील.

अशा घरी राहणाऱ्यांनी हलक्या सायकलीसाठी अधिक पैसे अवश्य द्यावेत. मात्र एक गोष्ट वजनाहूनही आधी पाहावी, ती म्हणजे सायकल धरावयाची कशी. आडवी दांडी असलेल्या सायकलीच्या त्रिकोणात हात घालून ती खांद्यावर अडकविता येते, दुसरा हात कठड्याला मोकळा राहतो; दांडी नसलेली, जिला आपण लेडीज सायकल म्हणतो ती, दोन किलो हलकी असली तरी दोन्ही हातांनी पोटाशी धरून चढवावी लागते आणि वळणावर तिचे पायडल नडगीला लागते. दुकानातच ती एकदा उचलून दहा पावले चालून पाहावे. दुकानदारास हरकत असण्याचे कारण नाही.

दुसरा मार्ग याहून स्वस्त आहे आणि तो बहुतेकांच्या मनातच येत नाही. चार-पाच किलो वजन कमी करण्यास जे पाच-सहा हजार लागतात, त्याच्या एका अंशात तळमजल्यावरील भिंतीत लोखंडी कडी बसविता येते आणि उत्तम कुलूप घेता येते. गृहनिर्माण संस्थेच्या सचिवांस लेखी अर्ज करून जागा मागावी, अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यावी, आणि जागा निवडताना जिना व बाहेर पडण्याची वाट अडणार नाही अशी निवडावी. कारण आगीच्या प्रसंगी तीच वाट सर्वांना लागते. पुराचे पाणी चढते अशा भागात कडी उंचावर बसवावी. २६ जुलै २००५ चा पूर आणि २०१९ च्या जुलैत महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणीच्या दरम्यान अडकली तो पूर, हे दोन्ही येथील लोकांच्या स्मरणात आहेत. सायकल पाण्याखाली गेल्यास हब आणि क्रँकच्या आतील ग्रीस धुऊन जाते, छर्रे गंजतात, आणि पाणी ओसरल्यावर दोन-चार दिवसांतच तिचे ओव्हरऑइलिंग केले नाही तर पुढे दुरुस्तीचा खर्च वाढत जातो.

रस्त्यावर वजनाचा प्रभाव किती

विठ्ठलवाडीपासून बदलापूरपर्यंतचा लोहमार्गालगतचा प्रदेश बहुतांशी सपाट आहे. पूर्व-पश्चिम ओलांडताना उड्डाणपुलाचा चढ लागतो, आणि बारवी धरणाच्या बाजूला जाणाऱ्यांना काही चढउतार भेटतात, एवढेच. अंबरनाथ आणि बदलापूर या दोन स्टेशनांतील अंतर सुमारे ८ किलोमीटर आहे. ते सायकलीने रोज कापणारा मनुष्य पाऊण तासाच्या आत पोहोचतो.

आता हिशेब पाहू. चालविणारा ६५ किलोंचा, त्याची डबा-पिशवी ५ किलोंची, सायकल २० किलोंची, म्हणजे एकूण भार ९० किलो झाला. सायकल ४ किलोंनी हलकी घेतली तर एकूण भारात साडेचार टक्क्यांहूनही कमी फरक पडतो, आणि सपाट रस्त्यावर एकसारख्या गतीने जाताना चाकांचा जो विरोध पायांना सोसावा लागतो तोही तेवढाच कमी होतो. उलट टायरमध्ये हवा कमी असेल तर हाच विरोध दुपटीच्या आसपास जाऊ शकतो. याचा व्यावहारिक अर्थ असा की, सहा हजार रुपये अधिक देऊन हलकी सायकल घेणारा आणि महिनाभर हवा न भरणारा गृहस्थ, जुनी जड सायकल दर आठवड्यास हवा भरून चालविणाऱ्याच्या मागे पडतो.

चढावर वजन अधिक जाणवते हे खरे. तरी त्यावरही स्वस्त तोड आहे, तिचा विचार पुढे केला आहे.

बाजारात मिळणारे पर्याय

येथे दिलेली वजने आणि किमती स्थूल आहेत. कंपनी, आकार आणि हंगाम यांप्रमाणे त्यांत फरक पडतो.

- जुन्या वळणाची उंच, काळी सायकल. २८ इंची चाके, लोखंडी रिम, सळईचे ब्रेक, दुहेरी स्टँड, मजबूत कॅरिअर. वजन २० ते २२ किलो, किंमत साधारण साडेपाच ते साडेसात हजार. वरळीच्या हिंद सायकल कारखान्यापासून सोनीपतच्या अॅटलासपर्यंत अनेक भारतीय कारखान्यांनी हाच मूळचा इंग्रजी घाट वर्षानुवर्षे बनविला. अॅटलासचा शेवटचा कारखाना २०२० च्या जूनमध्ये बंद झाला, तरी इतर कंपन्यांच्या सायकली आणि सुटे भाग आजही गल्लोगल्ली मिळतात.
- पुढे स्प्रिंग असलेली, रुंद टायरची, गिअर नसलेली. वजन १७ ते १९ किलो, किंमत सहा ते दहा हजार. तरुण मुलांस ही आवडते.
- साध्या, ताठ फोर्कची पोलादी शहरी सायकल. वजन १४ ते १७ किलो, किंमत सात ते दहा हजार.
- अॅल्युमिनियमच्या सांगाड्याची साधी सायकल. वजन १२ ते १४ किलो, किंमत बारा ते अठरा हजार.

तळमजल्यावर राहणाऱ्या आणि स्टेशन गाठणाऱ्या बहुसंख्य वाचकांस आमची शिफारस तिसऱ्या पर्यायाची आहे. वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी ऐपत असल्यास चौथा घ्यावा. पहिला पर्याय ज्यांना ओझे वाहावयाचे आहे त्यांच्यासाठी अजूनही सर्वोत्तम होय : घरगुती गॅसच्या सिलिंडरात गॅसच १४.२ किलो असतो आणि टाकीसह भार ३० किलोंच्या घरात जातो. दुधाचे कॅन, पाण्याचे जार किंवा जीन्सच्या कापडाचे गठ्ठे नेणाऱ्यांनी हलक्या सांगाड्याच्या आणि नाजूक कॅरिअरच्या मोहात पडू नये. जुन्या सायकलीच्या मागच्या चाकास ४० आणि पुढच्यास ३२ तारा असतात, त्या उगाच नसतात. भार मागे पडतो म्हणून मागे तारा अधिक.

दुसरा पर्याय आम्ही कोणासही सुचवीत नाही. स्वस्त स्प्रिंगचा फोर्क ताठ फोर्कपेक्षा सुमारे दीड किलो जड असतो, पावसाळ्यानंतर आतून गंजून अडकतो, आणि जोर लावून पायडल मारताना पायांची शक्ती खालीवर होण्यात खर्ची पडते. खड्ड्यांचा धक्का कमी करण्याचे काम थोडे रुंद टायर याहून चांगले करतात. मागेही स्प्रिंग असलेली सायकल तर शहरी वापरासाठी मुळीच घेऊ नये.

"अॅलॉय" म्हणजे काय, याची खातरजमा

दुकानात "अॅलॉय" हा शब्द फार सैलपणे वापरला जातो. सांगाडा लोखंडी, केवळ रिम अॅल्युमिनियमच्या, आणि सांगावयाचे मात्र संपूर्ण सायकल अॅलॉयची, असे घडते. खिशात एक लहान लोहचुंबक न्यावे : सांगाडा, फोर्क, रिम, हँडल, सीटचा दांडा यांस ते लावून पाहावे, जेथे चिकटते तेथे लोखंड. अॅल्युमिनियमची घनता पोलादाच्या सुमारे एकतृतीयांश, पण ताठपणाही जवळजवळ तितकाच कमी, म्हणून त्याच्या नळ्या जाड व्यासाच्या कराव्या लागतात आणि प्रत्यक्षात सांगाड्यात एखाद-दीड किलोचीच बचत होते. उरलेली बचत रिम, क्रँक, हँडल यांत असते, आणि ते भाग लोखंडीच असतील तर अॅल्युमिनियमच्या सांगाड्याची किंमत देण्यात फारसे स्वारस्य नाही.

वजन दुकानदाराच्या तोंडी सांगण्यावर मान्य करू नये. प्रवासी बॅगा तोलण्याचा लटकता काटा दोन-तीनशे रुपयांत मिळतो. दांडीला दोरी बांधून सायकल त्यावर टांगावी. तोलताना मडगार्ड, कॅरिअर, स्टँड, साखळीचे कव्हर हे सर्व बसविलेले असावे, कारण कागदावर छापलेले वजन पुष्कळदा यांतील काहीच न बसविता घेतलेले असते आणि हे सामान तीन किलोंपर्यंत सहज जाते. कुलूप व साखळी यांचा आणखी एक किलो धरावा.

हे सामान वजनाच्या भीतीने काढून मात्र टाकू नये. आपल्याकडील चार महिन्यांच्या पावसात मडगार्डावाचून कामावर जाणाऱ्याच्या पाठीवर चिखलाची रेघ उमटते, आणि कव्हर नसलेली साखळी गंजून दोन पावसाळ्यांत निकामी होते. परावर्तक तर कधीही काढू नयेत. केंद्र सरकारच्या २०२० च्या आदेशान्वये त्यांवर भारतीय मानक ब्युरोची खूण असावी लागते, तीही पाहून घ्यावी.

चाके आणि ब्रेक : पैसा येथे घालावा

कोठेतरी हलकेपणा विकत घ्यावयाचाच असेल तर तो चाकांत घ्यावा. कडेला फिरणारे वजन गती घेताना जवळजवळ दुप्पट जाणवते, आणि नाक्यानाक्यावर थांबून पुन्हा निघणाऱ्या शहरी सायकलस्वारास हा फरक वारंवार भोगावा लागतो. परंतु आम्ही अॅल्युमिनियमच्या रिमचा आग्रह धरतो तो वजनासाठी नव्हे, तर पावसासाठी. चकचकीत मुलामा दिलेली लोखंडी रिम ओली झाली की ब्रेकचे रबर तिच्यावरून घसरत राहते. ब्रेक पूर्ण दाबूनही सायकल पुढे जातच राहते, आणि उड्डाणपुलाच्या उतारावर, समोर रिक्षा थांबलेली असताना, याचा अनुभव येणे प्राणावर बेतू शकते. अॅल्युमिनियमच्या रिमवर ओल्या स्थितीतही रबराची पकड पुष्कळ चांगली राहते.

यात एक अडचण आहे, ती आधी समजून घ्यावी. जुन्या वळणाच्या सायकलीत सळईचा ब्रेक रिमच्या आतल्या अंगास लागतो आणि त्यासाठी रिमचा घाटच वेगळा असतो. तेव्हा केवळ रिम बदलून भागत नाही, ब्रेकची सारी योजना बदलावी लागते, आणि तो खर्च जुन्या सायकलीवर करण्यासारखा नसतो. अशा सायकलस्वारांनी पावसाळ्याच्या आरंभी चारही ब्रेकगट्टे नवे बसवावेत, गती आवरती ठेवावी, आणि उतारावर ब्रेक आधीपासून हलके धरून रिमवरील पाणी पुसले जाऊ द्यावे.

स्वस्त सायकलींवर हल्ली डिस्क ब्रेक दिसतात. ओल्यात ते लागतात हे खरे. पण कमी किमतीत त्यांची तबकडी लवकर वाकते, घासत राहते, आणि प्रत्येक गल्लीतील मिस्त्रीस ते नीट लावता येतात असे नाही. दहा हजारांच्या आतील सायकलीत चांगले रबरी ब्रेक आणि अॅल्युमिनियमची रिम हीच जोडी आम्ही पसंत करतो.

फ्रीव्हीलचे दाते

ज्या चढाच्या भीतीने पुष्कळ जण गिअरची सायकल घेतात, किंवा हलकी घेण्यासाठी कर्ज काढतात, त्या चढावर काही शे रुपयांत उपाय होतो. क्रँकच्या दातेरी चक्रास ४४ आणि मागच्या फ्रीव्हीलला १८ दाते असतील तर २८ इंची सायकल पायडलच्या एका फेऱ्यात सुमारे ५.४ मीटर जाते, आणि मिनिटास ६० फेरे घेतल्यास ताशी १९ किलोमीटरची गती मिळते. मागे २० दात्यांचे फ्रीव्हील बसविले तर पायांवरील जोर दहा टक्क्यांनी कमी होतो. गती साडेसतरावर येते, जी आपल्या रस्त्यांवरील गर्दीत पुरेशी आहे. वर सांगितलेल्या ९० किलोंच्या भारात चढावर हाच परिणाम केवळ वजन घटवून साधावयाचा तर ९ किलो कमी करावे लागतील. तेवढे कोणत्याही साध्या सायकलीतून निघत नाहीत. फ्रीव्हील बदलताना साखळी अपुरी पडल्यास एक कडी वाढवावी लागते, हे मिस्त्रीस आधी सांगावे. गुडघे दुखणाऱ्यांनी आणि मुलास मागे बसवून नेणाऱ्या आयांनी हा बदल अवश्य करावा.

दुकानात काय तपासावे

- पुढचे चाक उचलून हलकेच फिरवावे व सोडून द्यावे. थांबण्यापूर्वी ते जड बाजूकडे झुकून दोन-तीनदा मागेपुढे डोलले, तर हब मोकळा फिरतो आहे. एकदम अडून थांबले तर छर्रे आवळलेले आहेत.
- फिरत्या रिमकडे ब्रेकच्या रबराच्या रेषेतून पाहावे. रिम डावीउजवीकडे लहरत असेल तर तेथेच आउट काढून घ्यावा.
- क्रँक हातांत धरून आडवा हलवावा. खडखड नसावी.
- साखळी मधोमध बोटाने दाबली असता एक-दीड सेंटिमीटर खाली जावी. अधिक सैल असल्यास ती खड्ड्यात उतरते.
- दांडीच्या सायकलीवर दोन्ही पाय जमिनीस टेकवून उभे राहावे. दांडी आणि शरीर यांत बोटे जाण्याइतके अंतर नसेल तर ती सायकल आपल्या मापाची नव्हे. २४ इंची सांगाडा पुष्कळांना मोठा होतो.
- ट्यूबचा व्हॉल्व्ह मोटारसायकलीच्या जातीचा असल्यास पेट्रोल पंपावरही हवा भरता येते. टायरचा आकार आपल्या गल्लीतील पंक्चरवाल्याकडे मिळतो की नाही, हे सायकल घेण्यापूर्वी त्यालाच विचारावे.

घरपोच मागविलेली सायकल बहुधा अर्धवट जोडलेल्या स्थितीत येते. ती स्वतः जोडणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे की डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. ते उजवीकडे फिरवून जोराने आवळल्यास क्रँकचे आटे तुटतात आणि नव्या सायकलीस पहिल्याच दिवशी नवा क्रँक घ्यावा लागतो.

पावती, हमी आणि तक्रार

सायकलीवरील वस्तू व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला आहे, सुट्या भागांवरीलही. पावतीवर जुना दर लावलेला आढळल्यास तो दुरुस्त करून घ्यावा. पावतीवर सायकलीचे नाव, माप, सांगाड्याचा क्रमांक आणि तारीख असावी. हा क्रमांक बहुधा क्रँकच्या खालच्या बाजूस ठोकलेला असतो. पावतीवरील क्रमांक त्याच्याशी ताडून पाहावा व त्याचे छायाचित्र घेऊन ठेवावे, कारण सायकल चोरीस गेल्यास पोलीस ठाण्यात ओळख पटविण्यास हाच पुरावा उपयोगी पडतो.

"पावती घेतली तर किंमत वाढेल" असे सांगणाऱ्या दुकानदारास नम्रपणे नकार द्यावा. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ अन्वये पावती न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. तसेच सदोष माल पावतीत नमूद केलेल्या मुदतीत, आणि मुदत नमूद नसल्यास ३० दिवसांत, परत घेण्यास नकार देणे हीही. तक्रारीचा क्रम असा ठेवावा :

1. दोषाची छायाचित्रे जोडून दुकानदारास व कंपनीस लेखी कळवावे आणि पोच ठेवावी.
2. दखल न घेतल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांकावर तक्रार नोंदवावी.
3. तरीही निकाल न लागल्यास ठाणे जिल्हा ग्राहक आयोगाकडे अर्ज करावा. कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीस शुल्क नाही, आणि कंपनीचे कार्यालय लुधियानास असले तरी आपण जेथे राहता त्या जिल्ह्यात तक्रार करण्याचा अधिकार आपणांस आहे.

हमीपत्रातील अटी मात्र आधीच वाचाव्यात. टायर, ट्यूब, ब्रेकचे रबर हे झिजणारे भाग बहुधा हमीतून वगळलेले असतात.

जुनी सायकल घ्यावयाची असल्यास

दीड-दोन हजारांत मिळणारी जुनी सायकल, तिच्यावर आणखी दीड हजार खर्च करून, नव्या सात हजारांच्या सायकलीइतकी उपयोगी करता येते. येथील कारागीर या कामात निष्णात आहेत. रंगाकडे न पाहता नळ्यांच्या जोडांकडे पाहावे, विशेषतः सीटखालच्या आणि हँडलखालच्या. रंगाखाली केसासारखी चीर किंवा गंजाचा फुगवटा असल्यास ती सायकल सोडून द्यावी, कारण डाग देऊन जोडलेला फोर्क विश्वासास पात्र नसतो. साखळी फुटपट्टीने मोजावी : नव्या साखळीचे २४ जोड बरोबर १२ इंच भरतात; ते सव्वाबारा इंचांकडे सरकले असतील तर साखळी आणि फ्रीव्हील दोन्ही बदलण्याचा खर्च किमतीतून वजा करून मागावा.

विकणाऱ्याकडून त्याचे नाव, पत्ता, सांगाड्याचा क्रमांक आणि मिळालेली रक्कम लिहून त्याची सही घ्यावी. चोरीचा माल आहे हे ठाऊक असून, किंवा तसे मानण्यास कारण असून, तो अप्रामाणिकपणे घेणे वा बाळगणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे. सबब क्रमांक घासून काढलेली सायकल कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये.

सायकल नवी असो वा जुनी, पहिल्या महिनाभराच्या वापरानंतर तारा बसतात आणि चाकांत पुन्हा आउट येतो. त्या सुमारास ती एकदा मिस्त्रीकडे नेऊन तारा आवळून घ्याव्यात, क्रँकच्या कॉटर पिना ठोकून घ्याव्यात आणि ब्रेकच्या तारांतील ढील काढून घ्यावी. नव्या सायकलीवर ही पहिली सेवा बहुतेक दुकानदार विनामूल्य देतात, मात्र ती पावतीवर लिहून घेतलेली असावी.